उरलेल्या श्वासाइतकं काम



या पंधरवड्याचा पाठ घरात सगळ्यांनी एकत्र बसून वाचायचा आहे. ज्या घरात दुकान, छोटा कारखाना, क्लास, केटरिंग असं स्वतःचं काही चालतं त्यांनी तर नक्कीच. धार-देवासच्या आपल्या परिवारांत अशी घरं बरीच आहेत, आणि "बैठकीला वेळच मिळत नाही हो" हे वाक्य सगळ्यात जास्त याच घरांतून ऐकू येतं. रागावून सांगत नाही. त्या वाक्याच्या मागे काय असतं, ते आज बघू.

नोकरीवाल्याला सुट्टीचा अर्ज तरी देता येतो. धंदेवाल्याने तो कोणाला द्यायचा? समजा, पीथमपूरला जॉब-वर्कचं युनिट आहे. माल वेळेवर गेला, पण बिल अडकलं. कामगारांचा पगार तोंडावर आला, बँकेचा हप्ता ठरलेल्या तारखेला कापला जाणार. रात्री दोनला डोळे उघडतात आणि हात आधी मोबाइलकडे जातो. सकाळी मुलगी वहीवर सही मागते तर तिच्यावर उगीच आवाज चढतो. जे काम हौसेने सुरू केलं, त्याच कामाचा फोन वाजला की पोटात गोळा येतो.

याला नुसता थकवा म्हणू नये. थकलेला माणूस दोन दिवस झोपला की ताजा होतो, हा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली. त्यांच्या यादीत तो आजार म्हणून नाही, कामाच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून आहे. तिच्या खुणा तीन: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल मनात तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातली दुसरी खूण घरच्यांना आधी दिसते, स्वतःला सगळ्यात उशिरा.

हीच संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये एक हिशेब मांडला. आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो आणि हृदयविकाराने मृत्यूचा सुमारे 17 टक्क्यांनी. आपल्यातल्या किती दुकानदारांचे 55 तास शुक्रवारी दुपारीच संपतात, ते ज्याने त्याने मोजावं.

आता आपल्याच गावची एक गोष्ट. कुमार गंधर्वांचं नाव देवासमध्ये कोणाला सांगायला नको. पण ते इथे का आले, हे नव्या पिढीला नीट माहीत नसतं. जन्म 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणीच मैफली सुरू झालेल्या, गावोगाव प्रवास, नंतर मुंबईला देवधर मास्तरांकडे शिक्षण. गवयाचा गळा हाच त्याचा कारखाना, तो चालला तर घर चालणार. आणि ऐन तेविशीत क्षयरोग झाला. कोरडी हवा हवी म्हणून 1948 मध्ये ते देवासला आले. डॉक्टरांनी सांगितलं की गायचं नाही. काही महिने नव्हे, जवळजवळ पाच वर्षं ते अंथरुणाला खिळले होते.

क्षय म्हणजे बर्नआउट नव्हे, हे स्पष्ट करून ठेवतो. जंतूंचा आजार तो, स्ट्रेप्टोमायसिनसारखं औषध मिळाल्यावर उतरला. पण ज्याच्या कामावर घर उभं आहे अशा माणसाला थांबावं लागतं तेव्हा काय होतं, ते त्या पाच वर्षांत दिसतं, म्हणून ही गोष्ट निवडली.

कुमारजींनी गाणं थांबवलं, ऐकणं नाही थांबवलं. माळव्यातल्या बायका लग्नात, सणाला, घरकाम करताना जे म्हणतात ते कानावर येत होतं. नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं म्हणत. शीलनाथ महाराजांची धुनी देवासातच आहे, तिथल्या परंपरेचा त्यांच्या गाण्यावरचा परिणाम जाणकार आजही सांगतात. पुढे लोकधुनांतून त्यांनी जे नवे राग बांधले, त्याची मुळं या पडून राहण्यात आहेत. अर्थात आजारी पडलं की प्रतिभा फुलते, असा कोणी अर्थ काढू नये. पडून राहणाऱ्या पुष्कळांच्या हाती काही लागत नाही. त्यांनाही बरं होण्याचा तितकाच हक्क आहे.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा एक फुप्फुस निकामी झालेलं होतं. पूर्वीच्या दमाने गाणं शक्य नव्हतं. मग त्यांनी जेवढा श्वास आहे तेवढ्याचं गाणं केलं. छोट्या तुटक जागा, मध्ये मोकळी शांतता, आणि मग अचानक टिपेचा स्वर. जुनं गाणं परत मिळवायच्या नादी ते लागले नाहीत. आपण मात्र आठ दिवस माथेरानला किंवा आश्रमात राहून येतो आणि सोमवारी त्याच जुन्या वेगाने दुकान उघडतो. श्वास अर्धा झालाय, हे धंद्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि भानुताई. ही गोष्ट सांगताना सगळे कुमारजींवर थांबतात, ते मला बरोबर वाटत नाही. भानुमती स्वतः देवधर मास्तरांच्या शाळेतल्या, गाण्यातल्या. लग्न 1947 चं, आणि लगेच हे आजारपण. त्यांनी देवासला शाळेत नोकरी करून घर चालवलं आणि नवऱ्याची शुश्रूषाही केली. पाच वर्षांची ती शांतता कोणीतरी रोज कमावून आणत होतं. 1961 मध्ये बाळंतपणात त्या गेल्या. टेकरीच्या पायथ्याशी कुमारजींचं जे घर आहे, त्याचं नाव 'भानुकुल' आहे.

म्हणून पाठ एकत्र वाचायला सांगितला. "तुम्ही विश्रांती घ्या" असं म्हणणं सोपं आहे. धंदेवाल्याची विश्रांती म्हणजे त्याचं काम कोणाच्या तरी डोक्यावर जाणार. ते वहिनींच्या डोक्यावर जाऊन वरून स्वयंपाकही त्यांच्याकडेच राहणार असेल, तर आपण आजार फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवला. देवासचं राज्य पवारांच्या दोन भावांनी थोरली पाती आणि धाकटी पाती असं वाटून चालवलं, ते थेट 1948 पर्यंत. भांडणं झाली, पण दोन गाद्या टिकल्या. आपल्याकडे दोन भाऊ एका दुकानात असतात, तरी चेकवर सही एकाचीच, गिऱ्हाइकाचा फोन एकालाच. दुसऱ्याला विचारावं तर "दादालाच सगळं माहितीये." मग त्या दादाने झोपायचं कधी?

पैशाचंही बोलू, कारण रात्री दोनला जाग येते ती बहुतेक वेळा पैशामुळे. पुष्कळांना वाटतं की अडकलेलं पेमेंट मागणं म्हणजे भांडण. तसं नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. आयकरातही 2024 पासून अशी तरतूद आहे की मुदतीत न दिलेली ही रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. मात्र 'उद्यम' नोंदणी हवी. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. हा लाभ माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला नाही. सगळे लगेच तक्रार करणार नाहीत, मोठं गिऱ्हाईक तुटायची भीती खरी आहे. पण नियम माहीत असलेला माणूस फोनवर वेगळ्या आवाजात बोलतो.

आपल्या भाषेत रात्री दुकान बंद करण्याला दुकान 'वाढवणं' म्हणतात. जुन्या लोकांना 'बंद' हा शब्द अशुभ वाटायचा. आता दुकान वाढवलं तरी ते खिशात चालूच असतं. रात्री नऊनंतर ऑर्डरचा फोन घरातल्या देवापाशी ठेवून बघा. पहिले चार दिवस हात शिवशिवतील.

अजून एक, जरा स्पष्ट. दोन आठवडे झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, छातीत दुखत असेल, तर जप वाढवून घरी बसू नका. छातीत दुखत असेल तर लगेच दवाखाना. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर 14416, फुकट, दिवस-रात्र. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति जागणाऱ्याला योग साधत नाही असं सांगितलंच आहे. आणि ज्यांची अवस्था अशी आहे त्यांनी या महिन्यात सेवेची यादी लावून घेऊ नये. पंगतीला वाढायला आम्ही आहोत.

येत्या रविवारच्या पारिवारिक बैठकीत प्रत्येक घराने एक कागद आणावा. त्यावर लिहायचं की धंद्यातली अशी कोणती कामं आहेत जी फक्त एकाच माणसाला येतात. कागद त्या माणसाने लिहू नये, घरातल्या बाकीच्यांनी लिहावा. देवासची बैठक सकाळी, धारची संध्याकाळी, नेहमीच्या ठिकाणी.