बैठकीतला सलाम

शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातले गाव. इथे मल्लिनाथाचे जैन मंदिर आहे. गावात नाना धर्मांची माणसे शेजारी राहतात. वाटेत भेट झाली की कोणी 'राम राम' म्हणतो, कोणी 'जय जिनेंद्र', कोणी 'जय भीम', तर कोणी सलाम करतो. आज आपण सलामाची रीत समजून घेऊ.

पूर्ण शब्द असे आहेत : 'अस्सलामु अलैकुम'. ही अरबी भाषा. 'सलाम' म्हणजे शांती. 'अलैकुम' म्हणजे तुम्हां सर्वांवर. समोर एकच माणूस असला तरी असेच म्हणतात. उत्तर द्यायचे, 'व अलैकुम अस्सलाम'. म्हणजे, तुमच्यावरही शांती असो. आपण 'सहीसलामत पोचलो' म्हणतो ना? त्यातला 'सलामत' याच घरचा शब्द.

याचे काही नियम आहेत. ते पैगंबर महंमदांच्या वचनांत सांगितले आहेत. या वचनांना हदीस म्हणतात.

बैठकीत येणाऱ्याने आधी सलाम करावा. चालणाऱ्याने बसलेल्याला करावा. घोड्यावरच्याने पायी चालणाऱ्याला करावा. थोड्यांनी पुष्कळांना करावा. लहानाने मोठ्याला करावा. कोणी झोपले असेल तर आवाज हळू ठेवावा. उठून जातानाही पुन्हा सलाम करावा. येतानाचा सलाम मोठा आणि जातानाचा लहान, असे नाही.

उत्तराचे काय? कुराणाच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे की, कोणी अभिवादन केले तर त्याहून चांगले उत्तर द्या, निदान तेवढे तरी द्या. बैठकीतल्या एकाने उत्तर दिले तरी सर्वांचे झाले, असे मानतात.

आता आम्ही पाहिलेली गोष्ट सांगतो. दोन मुसलमान शेतकरी शेजारी होते. बांधावरून त्यांचा तंटा झाला. बोलणे बंद झाले. पुढे गावात एक मयत झाली. त्या घरी माणसे बसली होती. त्यांत एक शेजारी होता. आम्हीही होतो. तेवढ्यात दुसरा दारात आला आणि थबकला. सगळे गप्प. आम्हांला वाटलं, हा आता माघारी फिरतो.

पण तो म्हणाला, "अस्सलामु अलैकुम."

दोघाचौघांनी उत्तर दिले. पहिला शेजारी गप्प राहिला असता तरी चालले असते. त्याने मान वर केली. "व अलैकुम अस्सलाम," म्हणाला. मग सरकून जागा केली. "बस इथं," एवढंच बोलला.

बांधाचा तंटा त्या दिवशी मिटला नाही. तो पुढे मोजणी झाल्यावर मिटला. पण मोजणीला दोघे एकत्र उभे राहिले ते त्या सलामामुळे. हदीस सांगते, भावाशी तीन दिवसांहून जास्त अबोला धरू नये. आणि दोघांत जो आधी सलाम करील तो अधिक चांगला.

आम्ही शाळेत मुलांना नमस्कार शिकवला. पण स्वतः बैठकीत गेलो की मुकाट्याने बसत असू. लोकांनीच आधी आम्हांला नमस्कार करावा, असे वाटे. त्या दिवशी आमची चूक आम्हांला कळली. आता दारातच आम्ही 'राम राम, मंडळी' म्हणतो.

प्रश्न
१. 'अस्सलामु अलैकुम' याचा अर्थ काय?
२. बैठकीत आधी सलाम कोणी करावा?
३. तुमचा कोणाशी अबोला आहे काय? आधी कोण बोलेल?