‘सगळं मीच करीन’ म्हणतो, पण…

परीक्षा संपली की बऱ्याच घरांत पिल्लू येतं. फ्लॅट लहान म्हणून बहुधा पॉमेरियन. (आपल्याकडे पॉम म्हणून आणतात तो पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो, ‘हम आपके हैं कौन’मधला टफी तोच. केसांची कटकट दोघांची सारखीच.) ‘सगळं मीच करीन’ हे मुलांचं वचन खोटं नसतं, पण ते आठ-दहा वर्षांच्या पोराला झेपणारं नसतं. तेव्हा आईबाबांनो, फणी तुमच्या हातात असू द्या.

या कुत्र्यांना दुहेरी केस असतात. वर लांब, राठ. खाली दाट, मऊ लोकर. मूल ब्रश फिरवतं तो वरवर. पिल्लू कापसाच्या गोळ्यासारखं दिसतं आणि कानामागे, काखेत, मांड्यांच्या मागे आत जटा धरत जातात. म्हणून एका हातानं केस वर उचलून धरायचे, थोडे थोडे खाली सोडत मुळापासून विंचरायचे आणि शेवटी स्टीलची फणी घालून पाहायची. अडकली, तर काम राहिलंय. गाठ टोकाकडून बोटांनी सोडवा, तीही अंघोळीआधी. पाणी लागलं की ती आवळते. कात्री नकोच. गाठीत कातडी ओढली गेलेली असते, ती कापली जाते.

मग मुलानं काय करायचं? समोर बसून खाऊ द्यायचा आणि तोंडाकडे लक्ष ठेवायचं. पिल्लू ओठ चाटू लागलं, उगाच जांभया देऊ लागलं, कान मागे पाडले, की ‘आई, थांब’ म्हणायचं. आणि आईनं खरंच थांबायचं.

चार-सहा महिन्यांचं झालं की पिल्लाचे केस झडून ते ओंगळ दिसतं. मुलं रडकुंडीला येतात. तो वयाचा भाग आहे. मोठेपणीचे केस सावकाश येतात. मात्र टक्कल पडलं, खाज सुटली तर डॉक्टरांना दाखवा.

एप्रिलमध्ये सगळ्यांनाच कळवळा येतो, ‘उकडतंय बिचाऱ्याला, मशीन मारून घेऊ.’ कृपा करून नको. कुत्रं अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतं, आणि केस उन्हापासून कातडी राखतात. शिवाय स्पिट्झच्या जातीत भादरलेले केस कधी महिनोन्‌महिने येत नाहीत, कधी ठिगळांसारखे येतात. पंखा, गार फरशी, भरपूर पाणी आणि ऊन चढायच्या आत फेरी, एवढं पुरतं. पावसाळ्यात मुळापर्यंत कोरडं करा. बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचीड तुम्हीच शोधा.

आणखी एक. विंचरताना दात लागला, तर पुष्कळ मुलं लपवतात, कुत्र्याला देऊन टाकतील या भीतीनं. मुलाला आजच सांगून ठेवा की कुणी रागावणार नाही, कुत्रं कुठं जाणार नाही. कुत्र्याला लस झालेली असली तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.