अश्वशक्ती आणि आपले वावर

ट्रॅक्टरची ताकद अश्वशक्तीत मोजतात. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 746 वॅट. चांगली बैलजोडी वखर ओढताना साधारण इतकीच ताकद लावते. पुढील आकडे वाचताना हे माप ध्यानी असावे.

एकोणिसाव्या शतकातील वाफेची इंजिने इतकी अवजड होती की ती धुऱ्यावर उभी करून तारदोराने नांगर ओढीत. 1917 चा फोर्डसन 20 अश्वशक्तीचाच, परंतु वावरात उतरणारा. पंजाबात 1974 साली निघालेला स्वराज 724 सुमारे 26 अश्वशक्तीचा होता. अमेरिकेत आज 600 चा आकडाही ओलांडला गेला आहे.

मात्र नुसते इंजिन वाढवून भागत नाही. चाक घसरू नये म्हणून वजनही वाढवावे लागते. ते वजन वाशिमच्या ओल्या काळ्या जमिनीवर पडले की नांगरटीखाली कडक थर बसतो. तुरीचे सोटमूळ तेथे अडते, पाणी मुरत नाही. भाड्याचा ट्रॅक्टर मिळाला की वाफसा न पाहताच तो वावरात घातला जातो, याची आम्हांस खंत वाटते.

शिवाय सोयाबीनच्या दोन ओळींत अंतर जेमतेम 45 सेंटिमीटर. डवरणीला मोठे चाक शिरणार कसे? म्हणूनच कपाशीच्या ओळींतून चालणारा युवराज 215 सारखा 15 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर निघाला, म्हणजे फोर्डसनपेक्षाही लहान.

विद्यार्थ्यांनी सुटीत घरी एवढे करावे: नांगरटीआधी वीतभर खोलीवरील माती मुठीत दाबून गोळा करावा व कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटला तर वाफसा आला. न फुटल्यास ट्रॅक्टर धुऱ्यावरच थांबवावा.