मानेवरचा बिब्बा

शिरूर अनंतपाळकडच्या एका शेतकऱ्याने मानेभोवतीचं उपरणं सोडलं, तेव्हा डॉक्टरांना आधी दिसला तो बिब्ब्याचा काळा डाग. त्याखाली लिंबाएवढी, रबरासारखी गाठ. गंडमाळ समजून गावातल्या जाणत्याने बिब्बा घातला, पुतण्याने मोबाइलवर बघून हळदीचा लेप लावला. तीन महिने गेले. एचआयव्हीच्या गोळ्या आठ वर्षांपासून नियमित. डॉक्टरांना शंका आली लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची.

"सायेब, एचआयव्हीवाल्याला केमो सोसत नाही म्हणतेत. मग तपासून तरी काय उपेग?"

सोसते! एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या या गोळ्या, नव्हत्या तेव्हाची ही भीती. भारतात सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ला सुरू झाली, गावच्या पारावरचं शहाणपण मात्र अजून त्याच्या आधीचंच आहे. विषाणू आटोक्यात असेल तर लिम्फोमाला बहुधा इतरांना देतात तीच केमो देतात, आणि तीही बरं करायच्या हिशेबाने.

एचआयव्हीत मानेच्या गाठी पुष्कळदा टीबीच्या असतात, हे खरं. पण अंदाजाने टीबीच्या गोळ्या खात बसू नये. सुईच्या तपासणीत लिम्फोमा निसटू शकतो. शक्यतो अख्खी गाठ काढून तपासावी लागते. त्याआधी कुणी स्टिरॉइडचं इंजेक्शन टोचलं, तर गाठ चार दिवस बसते, रुग्ण खूश होतो आणि तपासणीचा पार घोळ होतो.

दोन-तीन आठवड्यांत न बसणारी किंवा वाढणारी गाठ, रेंगाळणारा ताप, अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम, सहा महिन्यांत दहावा हिस्सा वजन घटणं: यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला आहे म्हणूनही नाही. धाप लागली, चेहरा सुजला तर त्याच दिवशी दवाखाना.

केमोत एआरटी स्वतःहून बंद करायची नाही. एखादी गोळी बदलावी लागते: झिडोवुडिन रक्तपेशी कमी करतं, रिटोनावीर सोबत असेल तर केमोतल्या व्हिनक्रिस्टिनचा त्रास वाढतो. म्हणून एआरटीचं पुस्तक कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे ठेवा. लपवलंत तर नुकसान तुमचंच. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे. खर्चासाठी महात्मा फुले योजनेची चौकशी करा. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

शेतकऱ्याची गाठ लिम्फोमाचीच निघाली. तिसऱ्या केमोला आला तेव्हा मान मोकळी होती, डोक्याला रुमाल. विचारत होता, सोयाबीनच्या राशीला जाऊ का? डॉक्टरांनी बांधावर बसायची मुभा दिली, मळणीयंत्राच्या धुळीत जायची नाही.