दगडातील अरण्य

पाठाची ओळख

शिल्प म्हटले की देवळातील मूर्ती किंवा चौकातील पुतळा आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु सुमारे तेराशे वर्षांपूर्वी उघड्या आकाशाखाली, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना दिसेल असे एक भव्य शिल्प कोरले गेले. त्यात देव आणि ऋषी यांच्या बरोबरीने पशूंनाही स्थान मिळाले. या पाठात त्या शिल्पाचा परिचय करून घेऊ.

पाठ

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे साठ किलोमीटरवर, समुद्रकिनारी मामल्लपुरम हे गाव वसले आहे. महाबलीपुरम या नावानेही ते ओळखले जाते. सातव्या शतकात येथे पल्लव राजांचे राज्य होते. ‘मामल्ल’ हे पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मा याचे बिरुद. त्यावरूनच गावाला हे नाव मिळाले, असे मानतात.

गावातील दोन लगतच्या प्रचंड खडकांवर हे शिल्प कोरलेले आहे. ते सुमारे तीस मीटर लांब व तेरा मीटर उंच आहे. दोन्ही खडकांच्या मधोमध एक नैसर्गिक भेग आहे. डाव्या बाजूस, वरच्या भागात, एका पायावर उभा राहून हात उंचावलेला तपस्वी दिसतो. त्याच्या फासळ्या मोजता येतील इतका तो कृश आहे. त्याच्यासमोर चतुर्भुज शिव उभा आहे.

हा तपस्वी कोण, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काहींच्या मते तो पाशुपतास्त्रासाठी तप करणारा अर्जुन होय. इतर अभ्यासक त्याला गंगा पृथ्वीवर आणणारा भगीरथ मानतात. भेगेत हात जोडलेले नाग कोरलेले आहेत आणि खडकाच्या माथ्यावर हौदाच्या खुणा आढळल्या आहेत. विशेष प्रसंगी तेथून पाणी सोडून या भेगेला वाहत्या नदीचे रूप दिले जात असावे, असा तर्क त्यावरून केला जातो.

वाद काहीही असो, पाहणाऱ्याची नजर प्रथम खिळते ती उजवीकडील हत्तींवर. पुढे सुळे असलेला विशाल नर, मागे मादी आणि त्यांच्या पायांशी बिलगलेली पिल्ले! पायांचा भक्कमपणा, सोंडेची सैलसर लय, पिल्लांना मिळणारा मोठ्यांचा आडोसा हे सारे शिल्पकाराने प्रत्यक्ष पाहिले असले पाहिजे. डावीकडे खाली एक हरिण मागच्या पायाने आपले नाक खाजवीत आहे. या क्षणाचा कोणत्याही पुराणकथेशी संबंध नाही. तो केवळ निरीक्षणातून टिपलेला आहे.

हत्तींच्या पुढ्यात एक मांजर मागच्या पायांवर उभे राहून, पुढचे पाय उंचावून ‘तप’ करीत आहे. भोवती उंदीर जमले आहेत. तपाचे सोंग घेऊन उंदरांना फसविणाऱ्या मांजराची कथा महाभारतात आली आहे. वर खरा तपस्वी आणि खाली त्याची हुबेहूब नक्कल करणारा ढोंगी! एकाच खडकावर भक्ती व विनोद सुखाने नांदतात.

याच शिल्पातील सिंह मात्र वेगळे वाटतात. त्यांची आयाळ ठरावीक वळणाची, मुद्रा साचेबंद आहे. दक्षिण भारतात सिंहाचा वावर नव्हता, असे मानले जाते. त्यामुळे शिल्पकाराने सिंह परंपरेतून घेतला असावा. हत्ती व हरिण मात्र जीवनातून घेतले. पाहिलेले आणि ऐकलेले यांतील अंतर दगडही लपवू शकत नाही.

१९८४ मध्ये युनेस्कोने मामल्लपुरमच्या स्मारकांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. तरीही या शिल्पावर आकाश हेच छप्पर आहे. खारा वारा, पाऊस आणि माणसांचे बेपर्वा हात यांच्याशी त्याचा सामना अखंड चालू आहे. वाऱ्याला थांबविता येत नाही. हाताला आवरता येते.

दगडातील हरिण टिकले. जिवंत हरणांचे काय? चेन्नई शहराच्या मध्यात गिंडी राष्ट्रीय उद्यान आहे. तीन चौरस किलोमीटरहूनही लहान असलेल्या त्या वनात काळवीट व चितळ राहतात; भोवती महानगर पसरलेले आहे. त्या अज्ञात कारागिरांना हरिण कोरता आले, कारण त्यांना ते पाहता आले. पुढच्या पिढ्यांना केवळ दगडातलेच हरिण दाखवायचे काय, याचे उत्तर आजच्या पिढीला द्यायचे आहे.

शब्दार्थ

बिरुद – पदवी, गौरवाचे नाव
कृश – बारीक, रोडावलेला
आयाळ – मानेवरील केस
साचेबंद – ठरावीक पद्धतीचा

पाठगत प्रश्न

१. तपस्व्याविषयीची दोन मते कोणती?
२. भेगेतून पाणी सोडले जात असावे, असा तर्क कशावरून केला जातो?
३. मांजराच्या शिल्पातील विनोद स्पष्ट करा.
४. ‘पाहिलेले आणि ऐकलेले यांतील अंतर दगडही लपवू शकत नाही’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे लिहा.

उपक्रम

आपल्या परिसरातील एखाद्या प्राण्याचे किंवा पक्ष्याचे दहा मिनिटे निरीक्षण करा व त्याची एक लकब पाच वाक्यांत लिहा.