किल्ली देण्याआधी

प्रश्न : दिवाळीत आठ दिवस गावी जातोय. आमच्या लॅब्रॅडॉरला सांभाळायला एक मुलगी फ्लॅटवर राहणार आहे. तिच्यावर घर सोपवावं का?

उत्तर : आधी एक रात्र तिला तुमच्यासमक्ष राहू द्या. कुत्रा तिच्या हातून खातो का, बिथरला तर ती काय करते, हे आधार कार्डापेक्षा जास्त सांगून जातं. कार्डाची प्रत घ्याच. शिवाय आधीच्या दोन घरी स्वतः फोन करून ‘पुन्हा बोलवाल का?’ एवढंच विचारा. कोणती खोली बंद, पाहुणे चालतील का, हे लिहून द्या. कॅमेरा असेल तर तिला स्पष्ट सांगा. तिच्या झोपायच्या खोलीत तो अजिबात नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार तो गुन्हा ठरू शकतो. पशुवैद्याचा नंबर, तातडीच्या खर्चाची मर्यादा हेही आधीच ठरवा.