पग पाळायचा तर आधी त्याचा श्वास ऐका

२००३ साली हच मोबाइलच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग टीव्हीवर दिसला आणि गावोगावी पगला मागणी आली. आमच्या अकोल्यातही आली. आमचा चिकू त्याच जातीचा. त्याच्यासोबत राहून जे कळलं, ते लिहिते.

१. पगचं घोरणं लाडाचं नाही. माणसाने या जातीचं तोंड पिढ्यानपिढ्या आखूड करत नेलं, पण आतला मऊ टाळू तेवढ्या प्रमाणात आखूड झाला नाही. तो श्वासाच्या वाटेत लोंबतो. त्यात नाकपुड्याही फटीएवढ्या असल्या, तर प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो. चिकू झोपायचा तो पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकवून, मान उंच करून. जमिनीवर आडवा झाला की दचकून उठायचा, पुन्हा मान टेकायला काहीतरी शोधायचा. येणारे-जाणारे कौतुकाने फोटो काढत. डॉक्टरांनी मात्र हे ऐकताच टॉर्च लावून नाकपुड्या पाहिल्या. पुढे ऑपरेशन करून नाकपुड्या रुंद केल्या, टाळूचा वाढीव भाग कापला. आता तो चारही पाय पसरून फरशीवर झोपतो. असं ऑपरेशन वय लहान असताना केलेलं बरं. भुलीतून पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत श्वासाची नळी काढू नये, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

२. ऊन हा पगचा सगळ्यात मोठा वैरी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि नेमकं तेच पगला नीट जमत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. फिरणं पहाटे किंवा रात्रीच. मे महिन्यात कूलर मदतीला येतो, जुलैच्या दमट उकाड्यात तो फारसा उपयोगी पडत नाही. पावसाळा आला की लोक निर्धास्त होतात, ते म्हणूनच मला पटत नाही. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, जीभ जांभळट दिसू लागली, तर साध्या गार पाण्याने पोट, मांड्या, पंजे भिजवा, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

३. गळपट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. मान धरून ओढलं तर श्वास अडतोच, शिवाय डोळ्यांवर दाब येतो. पगच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात. जोराच्या झटापटीत डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो.

४. डोळा मिचकावतो, पाणी येतं, निळसर ढग दिसतो, तर उद्यावर ढकलू नका. बुबुळावर जखम असू शकते. घरातले उरलेले थेंब तर मुळीच घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम चिघळते.

५. नाकावरच्या घडीत ओल राहिली की वास येतो, कातडी लाल होते. रोज मऊ कापडाने पुसून कोरडी करा. शेपटीखालची घडी विसरू नका.

६. वजन. आजी तुपाची पोळी देते, बाबा चहातलं बिस्कीट, मुलं उरलेलं सगळं. प्रेमच आहे ते, पण जाड पगच्या गळ्याभोवतीही चरबी साठते आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी आवळते. हात फिरवल्यावर बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. घरात खायला देणारा माणूस एकच ठरवा.

७. पिल्लू आणायला जाल तेव्हा त्याचे आईबाप थोडं पळवून दाखवायला सांगा आणि त्यांचा श्वास ऐका. नाकपुड्या उघड्या हव्यात. विकणारा दाखवायला तयार नसेल तर परत फिरा. आणि विदर्भ-खानदेशात राहणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: घरात थंडाव्याची सोय नसेल, तर पग आणू नका. आपल्या गल्लीत जन्मलेलं गावठी पिल्लू घरी न्या.